डबल कार्डं

चारुलताबाई आमच्या डिझाइन सेक्शनमध्ये आल्या त्या ट्रेसिंगसाठी. एम.एस्सी. गणित, पहिला वर्ग, आणि काम काय, तर आम्ही पेन्सिलीने काढलेल्या ड्रॉइंगवर ट्रेसिंग पेपर अंथरून शाईने रेघा गिरवायच्या. अठ्ठ्याहत्तर साली चिंचवडच्या आमच्या कंपनीत एका बाईला डिझाइनमध्ये घेतलं हेच फार झालं, असं सगळ्यांचं म्हणणं. मी तिथला ड्राफ्ट्समन, त्यामुळे माझ्याच रेघा त्या गिरवायच्या आणि माझ्याच चुका काढायच्या.

बाईंना स्वस्थ बसणं म्हणून ठाऊक नव्हतं. शाई वाळेपर्यंतसुद्धा धीर निघायचा नाही. पेनाचं टोपण काढायच्या, लावायच्या, पुन्हा काढायच्या. त्यांना बघून मलाही काहीतरी हलवावंसं वाटायचं. आमचं टेबल सदा कुरकुरत असायचं.

त्या वर्षी तळेगावच्या बाजूच्या एका फोर्जिंग कारखान्याची ऑर्डर आली. तिथे तापलेलं लोखंड तेलात बुडवायचे आणि मग धुवायचे. ते तेलकट पाणी ओढ्याने थेट नदीत जायचं. त्यांना नोटीस आली होती. आम्ही करायची ती एक टाकी. एका टोकाने तेलकट पाणी आत येणार. टाकीच्या मध्ये वरून खाली लोंबणारी एक पट्टी. तेल हलकं म्हणून वर चढून पट्टीच्या अलीकडे अडकणार, आणि पाणी पट्टीखालून पलीकडे जाऊन बाहेर पडणार. प्रश्न एवढाच, की टाकी लांब किती हवी. आखूड झाली तर तेलाला वर चढायला वेळच मिळत नाही, ते पाण्याबरोबर पट्टीखालून सुटतं आणि नदीत जातं. गिऱ्हाइकाकडे जागा कमी, म्हणून आमचे मुख्य साहेब यशवंतराव यांनी टाकी आखूडच धरली होती. ड्रॉइंग मीच काढलं होतं.

बाई ते ड्रॉइंग गिरवता गिरवता थांबल्या.

"हे तेल थांबणार नाही," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला काय माहीत?"

"माहीत नाही. पण गणिताने काढता येईल."

पवईला एका उन्हाळी वर्गात त्या एक रीत शिकून आल्या होत्या. ती त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत समजावली, तीही टेबलापाशी नाही, तर कंपनीच्या गेटबाहेर उभं राहून. पहिली शिफ्ट सुटत होती आणि दुसरी आत शिरत होती. सायकली, डबे, खाकी कपडे, सगळी एकच झुंबड.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "बाहेर जाणारे म्हणजे पाणी, आत येणारे म्हणजे तेल. गेटसमोरच्या जागेवर खडूने चौकटी आखल्यात असं समजा. एका क्षणाला कुठल्या चौकटीत कोण किती आहेत ते मोजायचं. जिथे दाटी तिथे दाब जास्त. त्या दाबाने प्रत्येकाला थोडं ढकलायचं, एक पाऊल. मग परत मोजायचं, परत ढकलायचं. माणूस स्वतःचं वजन, स्वतःचा वेग, स्वतःची जात बरोबर घेऊन चालतो. चौकट जागेवर राहते, माणसं पुढे सरकतात. अशी पाण्याची आणि तेलाची शेकडो माणसं करायची आणि टाकीतून चालवायची. आपल्याला त्यांना कण म्हणायचं."

"आणि हे मोजणार कोण? तुमचे सासरे?"

"पुण्याचा कॉम्प्युटर."

मी हसलो. पण दुसऱ्या दिवशी त्या यशवंतरावांच्या केबिनमध्ये शिरल्याच. आमच्या कंपनीच्या पगाराचं काम पुण्याला कॅम्पातल्या एका कॉम्प्युटर केंद्रात चालायचं, आणि तिथे भाड्याने घेतलेल्या वेळातला थोडा दर महिन्याला वाया जायचा. तो वेळ मला द्या, असं बाई म्हणाल्या. यशवंतराव चांगला माणूस, पण त्यांना आपल्या अंदाजावर कुणी प्रश्न विचारलेला खपायचा नाही. त्यांनी टेबलावर बोटं वाजवली.

"एकदा करून बघा," ते म्हणाले. "जमलं तर ह्यापुढे प्रत्येक टाकीचं गणित तुमच्याकडे. नाही जमलं तर ट्रेसिंगचं टेबल, आणि पुन्हा हा विषय माझ्यासमोर आणायचा नाही."

झालं. तेव्हापासून बाईंचा आणि त्यांच्यामुळे माझाही जीव टांगणीला लागला.

कॉम्प्युटरला काहीही सांगायचं तर ते जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून सांगावं लागायचं. भोकं पाडायचं यंत्र आमच्याकडे एकच, खाली अकाउंट्समध्ये, आणि ते चालवायच्या सुमनताई. पिंपळे गुरवच्या जुन्या घरातल्या. मॅट्रिक होऊन पंचिंगचा कोर्स केलेला, हात असा चालायचा की बघत राहावं. पण नोकरी टेंपररी. काही महिने झाले की ब्रेक, मग पुन्हा नेमणूक, पुन्हा ब्रेक. अशी किती वर्षं गेली होती देव जाणे. पर्मनंट हा शब्द त्यांच्या तोंडी दिवसातून एकदा तरी यायचाच.

बाईंनी दोन गठ्ठे करून घेतले. एक गठ्ठा रीतीचा, म्हणजे कणांना कसं मोजायचं आणि कसं ढकलायचं त्याचा. दुसरा गठ्ठा कणांचा. गिऱ्हाइकाच्या ओढ्यातून भरून आणलेल्या पाण्याच्या बाटल्यांवरून बाईंनी ठरवलं होतं की टाकीत पाण्यामागून तेल, तेलामागून पाणी कसं येत राहणार. प्रत्येक कार्ड म्हणजे टाकीच्या तोंडाशी येणारा पुढचा घोळका: तेलाचा की पाण्याचा, किती वजनाचा, किती वेगाचा. यंत्र एकेक कार्ड वाचणार आणि एकेक घोळका आत सोडणार. गठ्ठा संपला की नुसतं पाणी सोडायचं, म्हणजे शेवटी टाकी धुऊन निघते का तेही कळेल. सुमनताईंनी दोन्ही गठ्ठे एकाच रबरबँडात बांधून ट्रेमध्ये घालून दिले; रीतीचाच गठ्ठा एवढा जाड, की दुसऱ्याकडे आमचं लक्षच गेलं नाही. "डोळ्यांत तेल घालून तपासलंय बरं का बाई," त्या म्हणाल्या.

माझ्या लॅम्ब्रेटा स्कूटरवर मागे बाई, बाईंच्या मांडीवर कार्डांचा ट्रे. दापोडीच्या पुलावर खड्डा आला की त्या ओरडायच्या, "सावकाश! क्रम बिघडेल!" सावकाश गेलो की म्हणायच्या, "एवढं सावकाश काय?" कॅम्पात पोहोचेपर्यंत माझ्या नाकात दम आला. केंद्रातल्या माणसाने खिडकीतून ट्रे घेतला आणि खिडकी लावली. मग वाट बघायची. बाई व्हरांड्यात या टोकाकडून त्या टोकाकडे. मी चहा, परत चहा. बसून राहणं मला कधी जमलं नाही, आणि कुणी माझ्यासमोर येरझाऱ्या घालत असेल तर मुळीच नाही.

खिडकी उघडली आणि कागदाची लांबलचक घडी बाहेर आली. कागदावर टाकीचं चित्र छापलेलं, पानामागून पान. पाण्याच्या कणाला टिंब, तेलाच्या कणाला फुली. पहिल्या पानांवर फुल्या आत आल्या. मग वर चढल्या. पट्टीच्या अलीकडे पृष्ठभागावर अगदी शिस्तीत जमल्या. पट्टीखालून एकही फुली गेली नव्हती. पलीकडे नुसती टिंबं.

"जमलं!" मी ओरडलो. माझी टाकी पास झाली होती, आणि खरं सांगतो, मला बाईंपेक्षा जास्त आनंद झाला.

बाई कागदाकडे बघत राहिल्या. "इतकं स्वच्छ?" त्या म्हणाल्या. "तेल एवढंच?"

"आता जमलं तर त्याचंही तुम्हाला दुखणं?"

यशवंतरावांनी कागद बघितले आणि ते खूश झाले. त्यांचाच अंदाज यंत्राने खरा ठरवला होता, मग खूश का नाही होणार! त्यांनी कॅन्टीनमधून सेक्शनला वडे आणि चहा मागवला. सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्यापुढे टाकीचं गणित चारुलताबाईंकडे." बाईंचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा जरा सैल झाला. खालून सुमनताईंनाही बोलावलं होतं. त्या पदर सावरत आल्या, वडा घेतला आणि मग त्यांना राहवलं नाही.

"साहेब, माझंबी थोडं हाय ह्यात," त्या म्हणाल्या. "बाईंच्या गठ्ठ्यात डबल कार्डं किती तरी होती. एकासारखं एक, भोकाला भोक. समदी काढली मी. पगाराच्या कार्डांतबी मी अशीच काढते. डबल ऱ्हायलं तर एका मानसाला दोनदा पगार जातो. म्हनून तर मशीन सुरळीत चाललं, न्हाई का?"

"बघा!" यशवंतराव म्हणाले. "ह्याला म्हणतात नजर. सुमनताई, ह्या खेपेला तुमचं नाव पर्मनंटसाठी मी स्वतः पाठवतो."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सुमनताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी मात्र हातातला कप बशीच्या कडेवरच ठेवला, आणि चहा माझ्या ड्रॉइंगवर सांडला.

जिन्यात मला गाठून त्या हळू आवाजात बोलायला लागल्या. "ती डबल नव्हती हो. घोळके सारखेच असणार ना! तेलाचा एक घोळका आणि पुढचा तेलाचा घोळका, वजन तेच, वेग तोच, मग कार्डं सारखीच येणार. ताईंनी प्रत्येक तऱ्हेचं एकेक ठेवलं आणि बाकी काढून टाकली. टाकीत तेल गेलंच नाही, नंदकिशोर. चार घोळके गेले, गठ्ठा संपला, आणि नंतर नुसतं पाणी. आपण स्वच्छ पाणी टाकीतून सोडलं आणि ते स्वच्छच बाहेर आलं म्हणून वडे खाल्ले."

सोमवारी माझं ड्रॉइंग तळेगावला जाणार होतं आणि त्यावरून काँक्रीट ओतणार होते.

सुमनताईंना न सांगता पुन्हा कार्डं करायची होती. बाईंचा हट्ट, त्यांना कळता कामा नये. म्हणून सुमनताई डबा खायला गेल्या की आम्ही दोघं त्यांच्या यंत्रावर. मी भोकं पाडत होतो आणि बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. माझी बोटं ड्रॉइंगची, ह्या कळांवर ती वळेनात. चार कार्डं बिघडली की एक नीट व्हायचं. घाम फुटला होता मला. बाई दारातून म्हणायच्या, "झालं?" आणि मी म्हणायचो, "तुम्हीच करा मग!" एकदा सुमनताई पाण्याचा तांब्या विसरल्या म्हणून परत आल्या, तर बाई त्यांना जिन्यातच अडवून त्यांच्या पुतणीच्या लग्नाबद्दल विचारत बसल्या. बाईंना लग्नांत काडीचा रस नव्हता.

शनिवारी पुन्हा लॅम्ब्रेटा, पुन्हा ट्रे, पुन्हा खिडकी. ह्या वेळी बाई येरझाऱ्या घालत नव्हत्या. भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि तेच जास्त वाईट वाटत होतं. आता मीच चालत होतो.

कागद आला. फुल्या आत आल्या. वर चढायला लागल्या, पण मागून आणखी आल्या, आणखी आल्या, टाकीच्या तळापर्यंत दाटल्या. पाण्याच्या टिंबांनी त्यांना पुढे रेटलं. पट्टीपाशी पोहोचेपर्यंत निम्म्या खालीच होत्या. मग एक पट्टीखालून गेली. मग तीनचार. पुढच्या पानावर पलीकडची सगळी बाजू फुल्यांनी भरली होती आणि त्या बाहेरच्या पाइपात शिरत होत्या.

बाईंची रीत बरोबर होती. पहिल्या दिवशी टेबलावर त्या जे म्हणाल्या होत्या ते सगळं त्या कागदावर छापून आलं होतं. मी त्यांचं अभिनंदन करणार होतो, पण त्या कागदाची घडी घालून केव्हाच स्कूटरकडे निघाल्या होत्या.

परत येताना खडकीला रेल्वेचं फाटक बंद होतं. तिथे थांबलो असताना मी म्हटलं, "सरळ सांगायचं. पहिल्यांदा कार्डं सुमनताईंनी काढली म्हणून चुकलं. दुसऱ्यांदा सगळी घातली, आता बरोबर आलं. यंत्राचा दोष नाही, तुमच्या गणिताचा दोष नाही. साहेबांना पटेल."

"आणि सुमनताई?"

मी गाडीचा कान उगाच पिळला. साहेबांनी सगळ्यांसमोर ज्या नजरेचं कौतुक केलं, त्याच नजरेने साहेबांना सगळ्यांसमोर फसवलं होतं. हे कळल्यावर साहेब पर्मनंटचा कागद पाठवतील? उलट पुढच्या ब्रेकनंतर त्यांना परत बोलावतील की नाही हीच शंका.

"त्यांनी पगाराच्या कार्डांशी रोज जे करतात तेच केलं," बाई म्हणाल्या. "तिथे ते बरोबरच आहे. ही कार्डं वेगळी आहेत हे त्यांना कुणी सांगितलं होतं?"

"मग तुमचं काय? ट्रेसिंग टेबल?"

त्यांनी ट्रे छातीशी धरला. फाटक उघडलं तरी मी निघालो नाही, मागून ट्रकवाल्याने शिव्या घातल्या तेव्हा निघालो. मला त्यांचा राग आला होता. सुमनताईंचाही आला होता. आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा, कारण बाईंच्या जागी मी असतो तर मी केव्हाच सांगून मोकळा झालो असतो.

सोमवारी सकाळी ड्रॉइंग पाठवायच्या आत आम्ही केबिनमध्ये गेलो. बाईंनी दुसरे कागद टेबलावर पसरले. यशवंतराव एकेक पान उलटत गेले, आणि फुल्या पट्टीखालून जायला लागल्या तसे त्यांचे कान लाल व्हायला लागले.

"गेल्या आठवड्यात तुमचं मशीन म्हणालं टाकी चांगली," ते म्हणाले. "आज म्हणतंय वाईट. उद्या काय म्हणेल?"

"मशीनला जे दिलं ते त्याने चालवलं, साहेब. पहिल्या खेपेला गठ्ठा अपुरा गेला. त्यात तेल जवळजवळ नव्हतंच."

"अपुरा कसा गेला? कुणी दिला अपुरा?"

मी तोंड उघडलं. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पण त्या माझ्याआधी बोलल्या.

"कार्डांवर क्रमांक घालायची पद्धत असते. मी घातले नव्हते. घातले असते तर कुठलीही दोन कार्डं सारखी दिसली नसती आणि एकही गहाळ झालं नसतं. ते बघणं माझं काम होतं."

ह्यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच मला त्यात कुठे तोंड घालता येईना. यशवंतरावांनी कागदाची घडी घातली, नीट, कडेला कड लावून. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"नंदकिशोर, टाकी दीडपट करा. गिऱ्हाइकाला मी सांगतो की अनुभवावरून वाढवली. नदीत तेल गेलं तर नाव आपलं जाईल." मग बाईंकडे न बघता म्हणाले, "आणि पुण्याच्या फेऱ्या आजपासून बंद. एवढ्यातेवढ्या क्रमांकांवर ज्याचं उत्तर फिरतं, त्याच्या भरवशावर मी काँक्रीट ओतणार नाही."

बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, "दीडपट! तुमच्या कागदानेच दीडपट केली ना त्यांनी? मग भरवसा नाही कसा?"

"टाकी झाली ना लांब," बाई म्हणाल्या. त्या ट्रेसिंगच्या टेबलाशी गेल्या आणि कागद अंथरला. मी नवीन लांबीचं ड्रॉइंग काढलं आणि त्यांनी ते शाईने गिरवलं. खाली सहीच्या चौकटीत माझं नाव आणि यशवंतरावांचं. त्या चौकटीत ट्रेसरचं नाव घालायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

दिवाळीच्या सुमारास सुमनताईंच्या हातात पर्मनंटची ऑर्डर पडली. त्या दिवशी त्या मोरया गोसावीला जाऊन आल्या होत्या, कपाळाला गुलाल, हातात पेढ्यांचा पुडा. सगळ्यांना वाटत वाटत आमच्या टेबलाशी आल्या. बाईंच्या हातावर दोन पेढे ठेवले आणि शेजारचं स्टूल ओढून बसल्या.

"बाई, तुमचं ते कॉम्प्युटरचं काम बंद केलं म्हनं साहेबांनी," त्या म्हणाल्या. "लई वाईट वाटलं ऐकून. पहिल्यांदा किती झ्याक आलं होतं! दुसऱ्यांदा मला न दाखवताच नेलीत ना कार्डं, तितंच घोळ झाला. माझ्याकडं आणली असती तर डबल समदी काढून दिली नसती का मी? आमी काय परके हाय?"

माझ्या हातातली पेन्सिल मोडली. मी खुर्ची मागे सारली. आता मात्र मी बोलणारच होतो, काय वाटेल ते होवो. सुमनताई माझ्याकडे बघून हसल्या आणि पेढा पुढे केला.

"बसा नंदकिशोर," बाई म्हणाल्या. मग त्यांनी सुमनताईंचा गुलाल लागलेला हात धरला.

"चुकलंच माझं, सुमनताई. पुढच्या वेळी आधी तुम्हालाच दाखवीन."

"आसं!" सुमनताई म्हणाल्या, आणि समाधानाने उठून पुढच्या टेबलाकडे गेल्या.